राखीव स्प्रिंग

दिनांक २३ मे १९३३, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मांडवीपासून आरे-वाऱ्यापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर शहाण्या माणसाला वेड लावण्याची विद्या एकाच गृहस्थाला पूर्णत्वाने साध्य झाली आहे, आणि तो गृहस्थ म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, या निष्कर्षाप्रत मी त्या क्षणी आले. निष्कर्ष घाईने काढू नये, असे आम्हांला कॉलेजात शिकवले होते. परंतु माझ्या हाताशी बारा वर्षांची निरीक्षणे होती. वडील गेल्यावर मी या घरी राहायला आले तेव्हापासून ती साठत होती, आणि त्यांत आता शेवटच्या पुराव्याची भर पडली होती. अंगणाच्या टोकाला असलेल्या मोटारखान्याकडून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, नारळावरचे कावळे उठले, आणि पाठोपाठ आतोबांची प्रसन्न आरोळी ऐकू आली, "काही नाही गो, काही नाही! दरवाजाची स्प्रिंगच तेवढी तुटलीय!"

"तेवढी" या शब्दाने माझ्या मस्तकात जी तिडीक गेली तिचे कारण सांगितले पाहिजे. त्याच दुपारी मुंबईला जाणारी आगबोट ही हंगामातली शेवटची बोट होती. त्यानंतर समुद्र खवळणार आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद राहणार. मी त्या वर्षी बी.एस्सी. झाले होते आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एम.एस्सी.साठी मला जागा मिळाली होती. अट एवढीच की मूळ प्रमाणपत्रे घेऊन महिनाअखेरच्या आत जातीने हजर व्हावे. न झाल्यास ती जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. हा पुढचा उमेदवार माझ्याच वर्गातला होता, आणि वजन व वस्तुमान यांतला फरक मी त्याला दोनदा समजावून सांगितला होता. घाट चढून कोल्हापूर आणि तिथून आगगाडी असा दुसरा मार्ग होता खरा. परंतु त्या वाटेने मला एकटीला पाठवायला आत्या मुळीच तयार नव्हती, आणि ओळखीचे कुटुंब सोबतीला मिळाले होते ते बोटीवर. बोट चुकली म्हणजे जागा गेली. आता प्रमाणपत्रे होती माझ्या ट्रंकेत, ट्रंक होती मोटारीत, मोटार होती मोटारखान्यात, आणि मोटारखान्याचा दरवाजा जागचा हलत नव्हता.

ट्रंक आदल्या दिवशीच मोटारीत का गेली, हा प्रश्न कोणीही सरळ बुद्धीचा मनुष्य विचारील. आतोबांचे उत्तर तयार होते. प्रवासाला निघायचे तर सामान आदल्या दिवशी गाडीत भरावे, म्हणजे गाडीला ओझ्याची सवय होते! शिवाय बंदर आमच्या घरापासून इतके जवळ की तोंडातला विडा संपण्याच्या आत माणूस तिथे पोचावा. ट्रंक कोणाच्याही डोक्यावर देऊन मी चालत गेले असते. पण नाही. "आमची भाची पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालीय. ती काय पायी जाणार? अख्ख्या मांडवीनं बघायला हवं," असे म्हणून त्यांनी मोटारीच्या नाकाडावर आंब्याच्या टाळ्याचे तोरणसुद्धा बांधले होते. त्या तोरणाचाही मला आता राग येत होता.

या मोटारीचा इतिहास उलट्या दिशेने लिहावा लागतो. आतोबा मुंबईला गोदीत कारकून होते. नोकरीच्या अखेरच्या वर्षी बेवारशी मालाच्या लिलावात त्यांनी एक दरवाजा घेतला. लोखंडी पट्ट्यांचा, वर आडव्या कण्याला गुंडाळला जाणारा, विलायती बनावटीचा असा हा दरवाजा रत्नागिरीत त्या वेळी कोणाकडेच नव्हता, आणि एवढे कारण त्यांना पुरे होते. दरवाजा आणल्यावर त्याला शोभेल असा चिऱ्यांचा मोटारखाना त्यांनी बांधला, आणि मोटारखाना रिकामा दिसू लागला तेव्हा मोटार घेतली. दरवाजा बसवताना त्याचे नकाशे पाहण्याची तसदी घेतली नाही. कणा, स्प्रिंग आणि सारी यंत्रसामग्री आत असायची ती त्यांनी बाहेर, चौकटीच्या वर, रस्त्याकडे तोंड करून बसवली. मी हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "अगो, यंत्र घेतलं ते काय अंधारात ठेवायला? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे की!" त्यात भर म्हणून, दरवाजा म्हटला की उंबरठा हवाच, असा त्यांचा आग्रह. मोटारखान्याला उंबरठा जगात इतरत्र कुठे असेल असे मला वाटत नाही. आमच्या मोटारखान्याला तो होता. चांगला वीतभर उंच चिऱ्याचा उंबरठा, आणि त्यात खाच पाडलेली, तीत दरवाजाची खालची कड जाऊन बसत असे. मोटार बाहेर काढताना उंबरठ्यावर दोन्ही बाजूंनी फळ्या टाकाव्या लागत आणि आतोबा मोटारीला "सांभाळून हां, सांभाळून" असे सांगत. आत्या म्हणे, "दारात रांगोळी तेवढी राहिली. मोटारीला हळदीकुंकवाला बोलावू काय?"

आता स्प्रिंगविषयी. दरवाजा खाली येतो तेव्हा ही स्प्रिंग पिळली जाते आणि वर जाताना तो पीळ सोडून दरवाजाचे बहुतेक वजन तीच उचलते. एरवी ते वजन पाच मणांच्या खाली नसावे. अशी स्प्रिंग खाऱ्या वाऱ्यात उघडी टांगली तर गंजणार, हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते. तिला एक पत्र्याची पेटी करून घ्या, इतका साधा उपाय होता. पण आतोबांनी पावसाआधीच्या आगोटीच्या दिवसांत आपला उपाय केला. मांडवीचे खारवी होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, फळ्यांच्या फटींत काथ्या ठासतात आणि वरून चुना व मुशी माशाचे तेल कालवून फासतात, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. तेव्हा त्यांनी स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यांमधल्या फटींत काथ्या ठासला आणि वरून चुन्यातेलाचा लेप दिला. स्प्रिंगच्या फटी बुजवल्यावर ती स्प्रिंग राहील काय? मी वेढ्यांनी हालायला हवे, लेपाखाली ओल कोंडते, एकाच जागी ताण येतो, असे सारे क्रमवार मांडले. आतोबांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "तुझ्या पुस्तकात रत्नागिरीची हवा आहे काय गो?" नाही, हवा नव्हती. लोखंड होते. पण हे मी बोलून दाखवण्याच्या आत ते मोटारखान्याला वास येतो म्हणून उदबत्ती आणायला गेले होते.

तरीही परिस्थिती हाताबाहेर गेलेली नव्हती, कारण दरवाजाच्या पेटाऱ्यात एक नव्हे, दोन स्प्रिंगा आल्या होत्या. दुसरी माळ्यावर, मेणकापडात गुंडाळलेली, जशीच्या तशी होती. आणि इथेच आतोबांच्या स्वभावातल्या त्या भागाशी गाठ पडते, ज्याच्यामुळे मी सकाळी सहा वाजता दातओठ खात अंगणात उभी होते. राखीव वस्तूंवर त्यांची जी निष्ठा होती ती माणसांवरही क्वचित असेल. त्यांच्यापाशी चष्मे दोन, पैकी राखीव इतकी वर्षे पेटीत राहिला की त्यातून त्यांना देवघरातला देवही दिसेना. छत्र्या दोन, दोन्ही बाराही महिने बरोबर, एक हातात आणि शिसवी दांड्याची दुसरी सदऱ्याच्या कॉलरला मागे अडकवलेली. एकदा भर आषाढात हातातली छत्री वाऱ्याने उलटी होऊन तिच्या काड्या मोडल्या, तेव्हा हे गृहस्थ बाजारापासून घरापर्यंत ओलेचिंब होऊन आले, आणि पाठीवरची राखीव छत्री त्यांनी येताना पोटाशी धरली होती, ती भिजू नये म्हणून! दारात आत्याने कपाळाला हात लावला. आतोबा शिंकत म्हणाले, "राखीव वापरली की ती राखीव कुठं राहिली?" या वाक्याने मी कित्येक रात्री चिडले आहे, कारण त्यात तर्कदोष शोधू गेले तर सापडत नाही.

साहजिकच मी "माळ्यावरची स्प्रिंग काढू या," असे म्हणताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"छे छे! ती अडीअडचणीसाठी आहे."

"मग ही काय आहे?"

"ही अडचण आहे. पण अडीअडचण नाही."

एवढ्यात मला नेण्यासाठी तांडेल आला. बंदरापासून बोटीपर्यंत उतारू पोचवणारा पडाव त्याचा होता, आणि आतोबांशी त्याची तीस वर्षांची भांडणाची मैत्री होती. त्याने तुटलेल्या स्प्रिंगकडे आणि काथ्याकडे आळीपाळीने पाहिले. "काय वो भाऊ, दरवाजा पान्यात घालताव की काय?" असे विचारून तो दरवाजाला भिडला. पहार लावावी तर कड उंबरठ्याच्या खाचेत. तिथे पहारीला वाव नाही. दरवाजाच्या कडीला दोर बांधून, तो आंब्याच्या फांदीवरून घेऊन त्याने जोर केला, तेव्हा गंजलेली कडीच निसटून हातात आली आणि तांडेल तुळशीवृंदावनापाशी जाऊन बसला. छपराचे पत्रे काढावेत तर त्यांचे बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झालेले. खिडकी मोटारखान्याला नव्हतीच, मोटारीला वारा बाधेल म्हणून.

"मागची भिंत आहे की," आतोबा उत्साहाने म्हणाले. "चार चिरे काढू. गवंडी परवा येईल. आला की काम दोन तासांचं."

"परवा?" मी म्हणाले. "आतोबा, बोट आज आहे."

"बोट काय, पुन्हा येईल."

"नारळी पौर्णिमेनंतर येईल! तोवर माझ्या जागेवर दुसरा बसलेला असेल. तुम्ही दरवाजा उलटा बसवलात, मी एकदा बोलून गप्प राहिले. उंबरठा घातलात, गप्प राहिले. स्प्रिंगला होडी समजून काथ्या ठासलात, तेव्हा बोलले ते तुम्ही ऐकलं नाहीत. चार वर्षं मी काय शिकले ते या घरात कोणीच ऐकणार नसेल, तर अख्ख्या मांडवीला ओरडून सांगता कशाला की भाची बी.एस्सी. झाली म्हणून?"

आत्या हातातली परात तशीच धरून उभी राहिली. या घरात आतोबांशी आवाज चढवून कोणी बोलत नसे; त्याची गरजच पडत नसे, कारण त्यांना राग असा येतच नसे, आणि ज्याला राग येत नाही त्याच्यावर रागावण्यासारखे थकवणारे काम नाही. ते उंबरठ्यावर बसले. कॉलरला अडकवलेली छत्री त्यांनी नीट केली. मग काहीशा अवघडलेल्या स्वरात म्हणाले, "तसं नाही गो. पण ती लावली आणि उद्या तीही तुटली, तर मग काय? मग आपल्यापाशी काहीच उरायचं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची भीती होती. ती पाहून माझा राग ओसरला असे मी म्हणणार नाही; तो ओसरला नव्हता. पण रागातही बुद्धी चालते, किंबहुना माझी जास्तच चालते. मी कण्यावर लोंबणाऱ्या दोन तुकड्यांकडे पाहिले. स्प्रिंग बरोबर मधोमध तुटली होती.

"आतोबा, स्प्रिंगचे दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा ही एक स्प्रिंगच असते. आणि अर्धी स्प्रिंग ही अख्ख्या स्प्रिंगपेक्षा दुप्पट ताठ असते. हे पुस्तकात आहे."

"दुप्पट?"

"दुप्पट. माळ्यावरची लावलीत तर राखीव एक जाईल. पण या दोन येतील. म्हणजे आज तुमच्यापाशी राखीव एक आहे, दुपारी दोन असतील."

हे विधान शास्त्रदृष्ट्या अचूक आणि व्यवहारात संपूर्ण निरुपयोगी होते. आतोबांनी ओठ हलवीत हिशेब केला. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "ऐकलंस काय गो?" ते आत्याला म्हणाले, "याला म्हणतात शिक्षण!" आणि या वयात धोतर खोचून स्वतः माळ्यावर चढले.

जुनी काढून नवी कण्यावर चढवीपर्यंत ऊन अंगणात उतरले होते. खरे धोक्याचे काम यापुढेच होते. स्प्रिंगच्या टोकाशी चार भोकांचे एक चाक असते. एका भोकात लोखंडी सळई घालून ते पाव फेरा फिरवायचे, ती सळई धरून ठेवून दुसरी पुढच्या भोकात घालायची, मग पहिली काढायची, आणि पुरेसा पीळ भरेपर्यंत हेच करत राहायचे. क्षणभर जरी दोन्ही सळया बाहेर राहिल्या, तर साठलेला सारा जोर एकदम सुटतो आणि समोरच्याचे हात मोडतात. मी पदर खोचला आणि बाकावर चढले. "तांडेल, तू बाक धर. आतोबा, तुम्ही विहिरीपाशी जाऊन उभे राहा."

"मुलीच्या जातीनं असलं काम..."

"विहिरीपाशी!"

ते गेले. निदान मला तसे वाटले. पहिले काही फेरे सहज झाले, पुढचे जड होऊ लागले, आणि शेवटी प्रत्येक पाव फेऱ्याला अंगातले सारे बळ लागू लागले. खाली तांडेल म्हणत होता, "ताई, बोट टापूत आली, धूर दिसतोय. ती काय तुमच्या दरवाजासाठी थांबायची नाय." एवढ्यात माझ्या उजव्या हातातली सळई निसटली. कण्यावर त्या चुन्यातेलाचा लेप अजून होता, आणि तोच हाताला लागला होता. सळई खाली दगडावर आपटली. आता पहिली सळई मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. ती सोडता येत नव्हती आणि पुढेही नेता येत नव्हती. तांडेलाने बाक सोडून वाकावे तर मी पडणार. मी ओरडू नये असे ठरवले होते.

माझ्या खांद्यावरून एक काळी वस्तू पुढे आली आणि खाडकन रिकाम्या भोकात शिरली. तो शिसवी दांडा होता. विहिरीपाशी उभे राहायला सांगितलेले आतोबा बाकाच्या दुसऱ्या टोकावर उभे होते, आणि जी आजवर आषाढातही उघडली नव्हती त्या राखीव छत्रीवर त्यांनी सगळा भार टाकला होता. "तांडेला, सळई दे तिला!" बाक आता त्यांच्या वजनाने स्थिर होता, तांडेल वाकला, सळई माझ्या हातात आली, मी ती पलीकडच्या भोकात बसवली, आणि त्याच वेळी दांडा कडकडून मधोमध मोडला. अर्धी छत्री खाली जाऊन पडली. उरलेला अर्धा दांडा आतोबांच्या हातात होता. तो त्यांनी एकदा पाहिला.

"तुम्हांला विहिरीपाशी उभं राहायला सांगितलं होतं!" मी किंचाळले.

"काही नाही गो," ते म्हणाले, "काही नाही. तू फिरव."

दरवाजा वर गेला तेव्हा मी ट्रंक उतरवून तांडेलाच्या डोक्यावर द्यावी आणि धावत सुटावे, हे उघड होते. वेळेचे गणित त्याच बाजूने होते. आतोबा मोटारीच्या हँडलला भिडले होते आणि तोरण सरळ करत होते. मी मोटारीत बसले. तांडेलाने "देवा रे" म्हटले आणि तो पायी पुढे गेला, पडाव तयार ठेवायला. फळ्यांवरून, "सांभाळून हां, सांभाळून" करत, भोंगा वाजवीत आम्ही मांडवीतून निघालो, आणि वाटेत भेटेल त्याला आतोबा थांबून सांगत होते, "एम.एस्सी.ला चाललीय. स्प्रिंग तिनं बसवली!" माझ्या संतापाला सीमा नव्हती. पडावाची दोरी सुटता सुटता मी त्यात उडी घेतली. मागे वळून पाहिले तेव्हा ते धक्क्यावर भर उन्हात कपाळावर हात धरून उभे होते. हातातली छत्री ते घाईत घरी विसरले होते, आणि दुसरी उरली नव्हती. बारा वर्षांत त्यांना बिनछत्रीचे मी प्रथमच पाहत होते.

मला जागा मिळाली. मुंबईहून मी त्यांना शिसवी दांड्याची छत्री पाठवली. उलटटपाली उत्तर आले की छत्री उत्तम आहे, राखीव कधी पाठवतेस? तुटलेल्या स्प्रिंगचे दोन्ही तुकडे त्यांनी वेगवेगळ्या मेणकापडात बांधून माळ्यावर ठेवले होते, आणि आलेल्या पाहुण्याला ते "दुप्पट ताठ" म्हणून दाखवीत. दर मे महिन्यात मी घरी जाई तेव्हा पहिले काम स्प्रिंग तपासण्याचे. कडीच्या जागी आतोबांनी सुंभाचा फास बांधला होता. त्यात ताणकाटा अडकवून दरवाजा उचलायला किती जोर लागतो ते मी मोजत असे आणि चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहीत असे. पहिल्या वर्षी बावीस पौंड होते. आतोबा एका हाताने दरवाजा उचलून दाखवत. पुढच्या वर्षी त्यांना दोन हात लागू लागले. मी कोणाला न सांगता स्प्रिंगला आणखी पाव फेरा दिला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. आत्या स्वयंपाकघराच्या दारातून ते पाही. दरवाजा उतरल्यावर वाऱ्याच्या झोताने वर जाऊ नये म्हणून शेवटी शेवटी त्या फासात एक चिरा अडकवून ठेवावा लागे. आतोबांनी मात्र याचे कारण स्वतःच शोधून काढले होते. "बघ," ते एका हाताने दरवाजा वर सारून, धापा लपवीत, मला म्हणत, "तुझी स्प्रिंग मुरतेय गो, लोणच्यासारखी. वर्षावर्षाला हलकी होतेय." मी, भौतिकशास्त्राची पदवीधर, या विधानावर कधीही हरकत घेतली नाही.

चौकटीवर माझ्या हातची शेवटची नोंद १९३८ च्या मे महिन्यातली आहे. पुढच्या मे महिन्यात आतोबा नव्हते, आणि मोजण्याचे कारण राहिले नाही. साडेतीन पौंड.